सहाशे चौदा नंबरचा खांदा

मास्तरांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे. यात काही नवल नाही, कारण ते चेहऱ्याकडे बघतच नसत. कॉलरपासून खाली आणि गुडघ्याच्या वर, एवढाच माणूस त्यांच्या कामाचा. चौतीस वर्षं कोट शिवून त्यांची नजरच तशी झाली होती. एकदा सख्खा मेहुणा रस्त्यात समोरून आला, दोनदा हाक मारून गेला, तरी हे ढिम्म. तो रागावून पाठ फिरवून चालायला लागला तेव्हा कुठे मास्तर ओरडले, "अरे, तू होय! आधी नाही का सांगायचं?"

मास्तरीणबाई ही गोष्ट दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. त्या दुकानात दाराकडे तोंड करून मशीनपाशी बसत, काज-बटणं करत आणि मापाची वही लिहीत. गिऱ्हाईक टेबलापाशी त्यांच्याकडे तोंड करून उभं राहायचं, मास्तर त्याच्या पाठीमागे. मास्तर टेप लावून आकडे बोलायचे, बाई लिहायच्या. वहीत नाव नसे, फक्त नंबर. तोच नंबर कापडाच्या चिंधीवर लिहून कोटाच्या आतल्या खिशाला टाचायचा आणि तोच पावतीवर. नावं माणसं खोटी सांगतात, विसरतात, बायकोच्या नावावर कोट शिवतात. नंबर तसं करत नाही, हे मास्तरांचं म्हणणं.

आणि बाण. तो बाणच पुढे सगळ्यांच्या मुळावर आला, म्हणून तो नीट सांगतो. दोन्ही खांदे सारखे असलेला माणूस जगात फार नाही. कुणाचा डावा पडलेला, कुणाचा उजवा. तसं दिसलं की आकड्यांच्या शेजारी, ज्या बाजूचा खांदा पडलेला त्या बाजूला, निळ्या पेन्सिलीनं खाली टोक असलेला एक छोटा बाण काढायचा. पेन्सिल टेबलाच्या कडेला दोरीनं बांधलेली. जो जवळ असेल तो बाण काढी, कधी मास्तर, कधी बाई. इतकी साधी गोष्ट. यावर कुणी कुणाला काय विचारणार?

सरांचा खून झाला त्याला आता तीन वर्षं होतील. सर म्हणजे शाळेतले निवृत्त शिक्षक, त्या वर्षी नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे होते आणि सगळे म्हणत होते की येतायत निवडून. सभा संपवून सभागृहाच्या पायऱ्या उतरत असताना मागून कुणीतरी दोन गोळ्या घातल्या. पळणाऱ्याची पाठ तेवढी लोकांनी पाहिली. करडा कोट, आणि एक खांदा पडलेला. तिघांनी सांगितलं डावा, दोघांनी सांगितलं उजवा, आणि पेपर विकणारा एक गृहस्थ तर दोन्ही म्हणाला.

मास्तरांना फार वाईट वाटलं होतं. सर रोज दुकानावरून जाताना आत डोकावून विचारायचे, "काय मास्तर, कुणाला सरळ केलंत आज?" आणि उत्तराची वाट न बघता निघून जायचे. मास्तरांना त्यांचा चेहरा आठवत नसे, पण जाताना दिसणारी पाठ पक्की आठवे. ती किंचित वाकलेली होती.

आठवडाभरानं वीटभट्टीच्या मागे अर्धवट जळालेला कोट सापडला. राहिलं होतं काय, तर एक बाही, पाठीचा तुकडा आणि आतला खिसा. खिशाला चिंधी, चिंधीवर सहाशे चौदा. गावात असा नंबर टाचणारे मास्तर एकटेच, म्हणून फौजदार थेट दुकानात आले. वही उघडली. छाती अडतीस, खांदा साडेसतरा, बाही चोवीस आणि कडेला निळा बाण.

"हे काय?" फौजदारांनी विचारलं.

"खांदा पडलाय," मास्तर म्हणाले.

"कुठला?"

मास्तरांनी पान पाहिलं. बाण डावीकडे होता. "डावा."

झालं. तेवढा एक शब्द. फौजदारांनी तो जबाबात लिहून घेतला, मास्तरांनी चष्मा शोधत खाली सही केली आणि पुन्हा काजाच्या दोऱ्याकडे वळले. आपण काय बोललो याचा त्यांनी पुन्हा विचारही केला नाही. मला विचाराल तर तिथेच गाडं घसरलं.

पकडले दोन भाऊ. सरांच्या विरोधातल्या पक्षाचे, पिस्तूल त्यांच्याच घरच्या पाण्याच्या टाकीत मिळालं. दोघांपैकी एकानं गोळ्या घातल्या, दुसरा गाडी चालू ठेवून थांबला होता, एवढं पोलिसांना कळलं. कुणी कुठलं, ते कळेना. दोघांच्याही तोंडाला कुलूप. उंची एक, छाती अर्ध्या इंचाच्या फरकानं एक. फरक एकच होता. थोरल्याचा डावा खांदा पडलेला आणि धाकट्याचा उजवा.

म्हणजे बघा. मास्तर डावा म्हणाले, थोरला फासावर. आता कळलं ना, किती मोठी गोष्ट किती बारक्या बाणावर येऊन टेकली होती?

खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. साक्षीच्या आठ दिवस आधी सरकारी वकीलबाईंनी दोघा नवरा-बायकोला कचेरीत बोलावलं. मास्तरांना साक्षीसाठी, आणि आकडे बाईंच्या अक्षरातले म्हणून बाईंना. कचेरी म्हणजे फायलींचं कोठार. खुर्चीवर फायली, खिडकीत फायली, वकीलबाई त्यांच्या मधोमध. मास्तरांनी सवयीनं आधी त्यांचा खांदा पाहिला. पिशवी उचलून उजवा खांदा चांगलाच उतरला होता.

"न्यायाधीशांना समजलं पाहिजे माप कसं घेता ते," वकीलबाई म्हणाल्या. "माझ्या कारकुनाचं घेऊन दाखवा."

कारकून बिचारा हात पसरून उभा राहिला. मास्तर त्याच्या मागे, मास्तरीणबाई समोर खुर्चीत वही घेऊन. आकडे झाले. "डावा खांदा थोडा पडलाय," मास्तर पुटपुटले आणि मागून वाकून वहीत बघतात तो काय, बाण उजवीकडे.

"अगं, उलटा काढलास."

"उलटा कसा? मला दिसतो तसाच काढलाय."

"डावा म्हणालो मी."

"अहो, डावाच की हा. तुम्ही मागून बघता, मी समोर बसते. माझ्याकडून त्याचा डावा या बाजूला येतो. चौतीस वर्षं अशीच काढतेय, तुम्हाला आज दिसलं?"

कारकुनाचे हात अजून पसरलेलेच होते, त्याला कुणी खाली घे म्हणालं नव्हतं.

"थांबा," वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही बाण काढता तो मागून बघून, आणि या काढतात तो समोरून बघून?"

"तसंच दिसतंय," मास्तर म्हणाले.

"आणि एकाच वहीत?"

"वही एकच आहे आमची."

"मग इतकी वर्षं लोकांचे कोट बसले कसे?"

"बाई, खांदा काही वहीत बघून नाही शिवत. कच्च्या शिलाईचा कोट अंगावर चढवतो, टाचण्या लावतो, पडलेला खांदा उचलायला पॅड कुठे घालायचं ते तेव्हाच ठरतं. बाण नुसता आठवणीला. कोटाला बाण लागत नाही." हे सांगताना त्यांना थोडा अभिमानही वाटला. मग वकीलबाईंचा चेहरा दिसला. चेहरे न बघणाऱ्या माणसालाही तो दिसला.

"सहाशे चौदाचा बाण कुणी काढला?"

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी मास्तरांकडे. आकडे बाईंचे, यात शंका नाही. पण बाणाला कुठे अक्षर असतं? एक उभी रेघ, दोन तिरक्या.

"माझा असेल," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"कशावरून?"

"आकडे लिहिले म्हणजे बाणही मीच... नाही, पण पुष्कळदा हेच मागून हात घालून काढतात. आत्ता नाही का मान घातली मध्ये?"

वकीलबाई वाईट नव्हत्या. त्या ओरडल्या नाहीत. खिडकीतल्या फायलींकडे बघत म्हणाल्या, "सरांच्या पत्नी मला रोज फोन करतात. रोज. मी त्यांना सांगत आले की खांद्याचा पुरावा पक्का आहे. मास्तर, तुम्ही जे खरं तेच सांगा. पण आधी खरं काय ते ठरवून या."

ठरवून या. जसं काही ते दुकानातल्या फळीवर ठेवलंय. ते आठ दिवस मास्तरांच्या डोक्यात नुसता भुंगा. सहाशे चौदा कोण आला होता? करडं कापड आठवलं, अस्तराचा रंग आठवला, कापड उलट्या बाजूनं जरा विरळ होतं हेही आठवलं. माणूस आठवेना, आणि रोज नवी गिऱ्हाइकं समोर बघणाऱ्या बाईंनाही त्याचा चेहरा आठवेना. टाचणी टोचली होती का त्याला? मास्तर सगळ्यांनाच टोचायचे. ट्रायलच्या वेळी पॅड कुठल्या हाताला घातलं? डोळे मिटून ते दुकानाच्या मध्यावर उभे राहत, हवेतल्या हवेत कोट चढवत, कधी डाव्या हाताला थांबत, कधी उजव्या. गिऱ्हाइकं दारातून बघून परत जात.

मग नवंच सुरू झालं. त्यांना कुठलाच डावा-उजवा पटकन कळेना. बँकेतल्या साहेबांच्या कोटाला पॅड भलत्याच खांद्यात गेलं आणि साहेब आरशात बघून म्हणाले, "मास्तर, मी असा एका अंगाला कललोय का?" मास्तरांनी कोट काढून घेतला आणि सगळी शिलाई उसवली.

"तू समोरून कशाला काढायचीस?" ते बायकोवर चिडले.

"तुम्ही मागून कशाला बघायचात?" ती म्हणाली. आणि मग जरा वेळानं, मशीन थांबवून, "अहो, माझ्या हातचा असेल तर तो धाकटा. तुमच्या हातचा असेल तर थोरला. मला काहीच म्हणायचं नाहीये. माझ्या तोंडून काही काढू नका."

तिलाही भीती वाटत होती.

साक्षीच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. पहिल्या बाकावर सरांच्या पत्नी. मागच्या बाकावर, भिंतीला टेकून, दोघा भावांची आई. तिच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत्या, तिच्याशेजारी कुणी बसत नसे. मास्तर पिंजऱ्यात चढले आणि आरोपींकडे पाहिलं. दोन चेहरे. ते मास्तरांना काही म्हणता काही सांगेनात. मास्तरांना वाटलं, निदान पाठ तरी फिरवा रे.

आणि न्यायाधीशांनी नेमकं तेच सांगितलं. दोघे भाऊ वळले. मास्तर पुढे वाकून बघत राहिले. एकाचा डावा पडलेला, एकाचा उजवा. त्यांना वाटलं आपण दोघांचाही कोट शिवला आहे. मग वाटलं, एकाचाही नाही.

"जबाबात तुम्ही डावा म्हणालात," वकीलबाईंनी विचारलं.

"म्हणालो. पानावर डावीकडे होता म्हणून म्हणालो. माझं डोकं चाललं नाही."

"आज काय म्हणता?"

"बाण माझा असेल तर डावा. हिचा असेल तर उजवा."

"कुणाचा आहे?"

"ते आता देवालाच ठाऊक. मला नाही, हिलाही नाही."

कोर्टात हशा पिकला. बचावाच्या वकिलानं तर रुमाल तोंडाला लावला. मास्तरही कसनुसे हसले, आणि हसता हसता त्यांची नजर पहिल्या बाकावर गेली. सरांच्या पत्नी हसत नव्हत्या. त्यांनी मास्तरांकडे असं पाहिलं, की मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज दुकानात डोकावणाऱ्या माणसासाठी आपल्याला एक साधी बाजू सांगता येऊ नये, याची त्यांना मनापासून लाज वाटली. मागच्या बाकावरची आई मात्र त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती मुलांच्या पाठी बघत होती.

निकालात दोघांना जन्मठेप झाली. कटात दोघेही, पण गोळी कुणाची ते सिद्ध नाही. वकीलबाईंनी वरच्या कोर्टात अपील केलं. पहिला जबाब धरा, खांदा डावा धरा आणि थोरल्याला फाशी द्या, असं ते अपील. वही कोर्टातच राहिली, मुद्देमाल म्हणून. पायऱ्यांवर वकीलबाई भेटल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "काही आठवलं तर या. केव्हाही या."

मास्तरांनी नवी वही घातली आणि पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: बाण मागून बघून काढायचा. मास्तरीणबाईंनी त्याखाली लिहिलं: मग लिहायलाही तुम्हीच बसा. असं करत दिवस चालले होते.

आणि परवा दुपारी ती आली. दोघा भावांची आई. मास्तरांनी अर्थातच ओळखलं नाही. मास्तरीणबाईंनी ओळखलं आणि मशीन थांबवलं. तिच्या पिशवीत पांढऱ्या कापडाचे दोन तुकडे होते आणि एक जुना शर्ट.

"दोन शर्ट शिवायचेत," ती म्हणाली. "तुरुंगात साधे पांढरे चालतात म्हणे. एक थोरल्याला, एक धाकट्याला."

आता मास्तरांच्या ध्यानात आलं. त्यांनी घाईनं स्टूल पुढे केलं. "बसा ताई."

ती बसली नाही. "थोरल्याचा हा जुना शर्ट आहे, याच्यावरून घ्या माप."

"आणि धाकट्याचं?"

"त्याचं माप आहे की तुमच्याकडे."

"असेल, असेल," मास्तर म्हणाले आणि जुन्या सवयीनं फळीकडे हात नेला. तो हात तिथेच राहिला. फळीवर एकच वही होती, नवी. मास्तरीणबाईंच्या हातातलं बटण खाली पडलं आणि टेबलाखाली कुठेतरी गेलं. कुणी शोधलं नाही.

"ती वही कोर्टात आहे, ताई," मास्तर कसंबसं बोलले.

"माहीत आहे मला. नवीन लिहा."

"ताई, तुम्ही काय बोलताय..."

"मला कळतंय काय बोलतेय ते." तिचा आवाज चढला नाही. "मला तिथं उभं राहून बोलता येणार नाही, मास्तर. पोटच्या पोराविरुद्ध जीभ उचलणार नाही माझी. थोरला बोलत नाही, आणि धाकटा बोलायला गेला तर त्याला गप्प करतो. आता अपिलात थोरल्यालाच लटकवायला निघालेत. त्यानं गाडी चालवली. ते केलंय त्यानं, त्याचं तो भोगील. पण तो कोट त्याचा नव्हता."

मास्तरांना सरांची वाकलेली पाठ आठवली, पहिल्या बाकावरची नजर आठवली आणि पाठमोरे उभे असलेले ते दोघे आठवले. सगळं एकात एक मिसळलं. आपल्याला आनंद झाला आहे की रडू येतंय, हेही त्यांना कळेना. इतके दिवस जे हवं होतं ते हातात आलं होतं आणि घ्यायला हात धजत नव्हता.

"लिहिलं की ते लिहिलेलं राहील, ताई," ते म्हणाले. "वकीलबाईंनी मागितली तर ही वही द्यावी लागेल. आणि मागितली नाही तरी मला जावं लागेल. मी तिथं शपथेवर माहीत नाही म्हणालो होतो. मग थोरला सुटेल फाशीतून, पण धाकट्याला..."

"रात्रंदिवस तेवढाच हिशेब करतेय मी दोन महिने," ती म्हणाली. "लिहा."

मास्तरीणबाईंनी वही उघडली. मास्तर आकडे बोलू लागले. कोर्टात इतक्या वेळा वाचलेले आकडे, त्यांना पाठ होते. छाती अडतीस. खांदा साडेसतरा. बाही चोवीस. बाईंनी लिहिले. मग निळी पेन्सिल उचलली आणि तशीच धरून थांबल्या.

"खांदा?" त्यांनी हळूच विचारलं. "आणि कुठून बघून?"

ती आई वळली. मास्तर समोर होते, बाई एका बाजूला होत्या, तिनं दोघांकडेही पाठ केली आणि आपल्याच उजव्या खांद्यावर तळहात ठेवला.

"हा," ती म्हणाली. "कुठूनही बघा."

बाईंनी बाण काढला. मास्तरांनी पेन्सिल मागून घेतली आणि शेजारी अक्षरात लिहिलं: त्याचा उजवा. मग वही मिटून टेबलाच्या खणात न ठेवता आपल्या पिशवीत घातली. आईनं ते पाहिलं. कापडाचे दोन तुकडे तिनं एकावर एक ठेवून हातानं सारखे केले.

"कधी येऊ?"

"गुरुवारी या. दोन्ही तयार असतील."

ती दारापर्यंत गेली आणि थांबली.

"धाकट्याची बाही जरा लांब ठेवा," ती म्हणाली. "त्याला थंडी सोसत नाही."

मास्तरांनी पिशवीतून वही पुन्हा काढली आणि तेही लिहून घेतलं.